संक्रांतीची काळी लुगडी

घाटकोपर, ७ ऑक्टोबर १९५३

सौ. अंबुजास तंजावरचे घर आठवून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. आपल्या लहानग्या माधवाचा खोकला थांबला का?

इथले कापडवाले विद्याधरशेठ यांना आपल्या विणकरांची नऊवारी दाखवली. त्यांनी प्रत्येक लुगडे माझ्यासमोर मोजले, बोटभरही कमी नाही! ते म्हणाले, "माल झकास आहे हो. पण काळे कुठाय? संक्रांतीला आमच्या बायका काळेच नेसतात."

पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज याच मुलखातून तंजावरला गेले आणि तिथे राहून आपण काळ्याला भ्यायला लागलो; सवाष्णीने काळे नेसले की नवऱ्याच्या जिवावर बेतते म्हणे.

"काळीही मिळतील," मी म्हणालो. शंभर काळ्या लुगड्यांचा करार झाला. आता दोन्हीकडची माणसे पुन्हा जोडली जातील आणि आपले माग बंद पडणार नाहीत.

विणकर मात्र काळे सूत मागावर चढवायला कचरतील. म्हणून इथले एक काळे लुगडे टपालाने पाठवले आहे. ते नेसून विणकरांच्या आळीत जा. सवाष्णीने नेसलेले पाहिले की त्यांची भीड चेपेल.

आई रागावतील. तुलाही माझ्या जिवाची धास्ती वाटेल. पण इथल्या बायका दरवर्षी काळे नेसतात आणि त्यांचे नवरे चांगले धष्टपुष्ट आहेत. मी नीट पाहून घेतले आहे.

तुझा,
सेतुमाधव