चित्रामागचा हायकू

३ नोव्हेंबर, सोमवार
जपानी लोक लाकडी चौकटीत चित्रांची चळत ठेवतात आणि पुढचं चित्र काढून मागे सरकवत गोष्ट सांगतात. मी त्यात हायकू घालणार. बाळकुममध्ये हे कुणी केलेलं नाही. वाचनालयाच्या उत्तराबाईंकडून १६ तारखेचा रविवार मिळवला. चौकट शहाडचा गोविंदा सुतार करतोय. चित्रं बायको काढेल, सुमती. तीस वर्षं ड्रॉइंग टीचर होती. मार्चमध्ये तिची आई गेली, तेव्हापासून ब्रशला हात नाही. म्हणजे मोकळीच आहे.

५ नोव्हेंबर
गोष्ट: आजीचं मांजर हरवतं, सापडतं. चार चित्रं, चार हायकू. सुमती दोन दिवस नाहीच म्हणत होती. आज विचारलं, आजी माझ्या आईसारखी काढली तर चालेल? म्हटलं, कशीही काढ, लोक ऐकायला येणार आहेत.

९ नोव्हेंबर
पहाटे पाचला उठून रोज एक हायकू, असा संकल्प. थंडी फार. एकूण झाला एक, पहिल्या चित्राचा:
उन्हात मनी
पायरीवर निजे
मिशीत माशी
पाच-सात-पाच अक्षरं. बोटांवर तीनदा मोजलं. असं सुचायला अंगात असावं लागतं.

१३ नोव्हेंबर
चित्रं तयार. दुसऱ्यात आजी रिकाम्या वाटीपाशी रडतेय. सुमती ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मी जेवणाचं विचारलं.

१५ नोव्हेंबर, दुपार
उरलेले तीन हायकू चाळीस मिनिटांत! प्रत्येक हायकू आपापल्या चित्रामागे वळणदार अक्षरात लिहिला. सुमती म्हणाली, अहो, असं नाही. लोकांना पहिलं चित्र दिसतं, तेव्हा तुम्हाला शेवटच्याची पाठ दिसते. पहिल्याचे शब्द तिथे हवेत. एकदा लावून बघू या. म्हटलं, तालीम नवशिक्यांना लागते. ती म्हणाली, उद्या आईचं हसं होऊ देऊ नका. काहीतरीच.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
प्रचंड यश! पहिल्या चित्राला नुसती कुजबुज. दुसऱ्याला 'मिशीत माशी' म्हटलं आणि मुलं गडाबडा लोळली. मागे उभा असल्याने मला चित्र दिसत नव्हतं, हशा मात्र ऐकू येत होता. दोनदा वन्स मोअर घेतला. एक मुलगी ओरडली, आजीला मिशी आहे! कल्पक मुलगी.
सुमती मधेच उठून गेली. डोकं दुखलं असणार.

१७ नोव्हेंबर
सुमती बोलत नाही. उत्तराबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रडणाऱ्या आजीवर असा विनोद नको होता हो.
दुपारी चौकट टेबलावर मांडली. दुसरं चित्र पुढे आणलं, माझ्यासमोर पहिल्याची पाठ. मिशीत माशी. वळसा घालून पुढे गेलो. सासूबाई रडत होत्या.
जपानी पद्धतच सदोष आहे. हे सुमतीला सांगायचं धाडस झालं नाही. सॉरीसुद्धा राहून गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
उत्तराबाईंनी पुन्हा बोलावलं. सुमतीला. तिने माझ्या चारही हायकूंवर कोरा कागद चिकटवला. मला काम: चित्रं सरकवणे. बोलायचं नाही, असं बजावून.
दुसरं चित्र आलं. सुमतीही काही बोलली नाही. कुणी हसलं नाही. मग तीच मुलगी हळू आवाजात म्हणाली, आजीची मनी गेली.
सवयीने बोटांवर मोजलं. सात.
बोटं मिटून घेतली. सुमतीने मान हलवल्यावर पुढचं चित्र सरकवलं.