बिनसोंडेचा हत्ती

अंबरनाथ (पूर्व)
सोमवार, २० जानेवारी १९९२

प्रिय काशी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या घरी 'जयभीम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. ते माझ्या हातून लिहिलेलं तुला रुचेल का, या विचारात दोन कागद फाडले. म्हणून शाळेतल्यासारखाच नमस्कार.

तुझा बदलापूरचा पत्ता तुझ्या धाकट्या भावाने, भीमरावाने दिला. शाळेत असताना तुझा पदर धरून यायचा तो, आता त्याचेही केस पिकलेत! तू मुख्याध्यापिका झालीस हे ऐकून फार बरं वाटलं. आम्ही ठीक आहोत. ह्यांची फॅक्टरीतली नोकरी संपली, त्यामुळे आता दिवसभर माझ्या स्वयंपाकाची तपासणी चालते.

मुख्य बातमी ही, की येत्या गुरुवारी मला रेडिओवर बोलावलं आहे. आपल्या भागातली जुनी देवळं आणि गावं यांवर गप्पांचा कार्यक्रम आहे. गप्पा म्हणायच्या, पण सगळं आधी टाइप केलेलं असतं. प्रश्न विचारणाऱ्याचं 'अस्सं?'सुद्धा! पानं टाचायची नाहीत, उलटायची नाहीत. एकेक अलगद बाजूला सरकवायचं, म्हणजे माइकला आवाज जात नाही. कार्यक्रम करणारी सुनेत्रा माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने कुठल्याशा जुन्या नोंदीत माझं नाव पाहिलं: १९५३, शालेय कार्यक्रम, मोरिवलीच्या वाटेवरच्या दगडी देवळावरचा निबंध. म्हणाली, "मालिनीताई, ती वहीची पानं आहेत अजून? मग चौथ्या पानावर जागा सोडते. तीच वाचा. कागद वाजला तरी चालेल."

पानं आहेत. माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीत.

तुला तो निबंध आठवत असेलच. वर्गात आपल्या मिशन शाळेच्या सिस्टरनी तुला उभं करून तो वाचून घेतला होता. रेडिओसाठी तुझीच निवड झाली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या शनिवारी तू येऊ शकली नाहीस, म्हणून मी वाचला.

भीमरावाची भेट कशी झाली ते सांगते. उल्हासनगरला ट्रान्झिस्टर दुरुस्तीला नेला होता. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं आणि हसायला लागला, "बहनजी, सेट में कुछ खराबी नहीं. सेल उलटा डाला है!" शेजारी उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "मालिनीताई ना तुम्ही? रेडिओवर बोललेल्या? मी काशीचा भाऊ."

मग त्याने जे सांगितलं, ते मला एवढी वर्षं माहीत नव्हतं. तुझ्या आजोबांनी मला त्या दिवशी गावच्या चावडीवरच्या रेडिओवर ऐकलं होतं. ऐकता ऐकता उठून घरी आले आणि म्हणाले, "मागच्या भितीवरचा तिसरा हत्ती बिनसोंडंचा हाय, ह्ये त्या सायबाच्या पोरीला कुनी सांगितलं?"

काशी, आम्ही त्या देवळात कितीदा गेलो! सरळ आत जायचो, घंटा वाजवायची, प्रसाद घ्यायचा, परत. मागची भिंत मी कधी पाहिलीच नव्हती. तुझ्या आजोबांना मात्र जन्मभर बाहेरच थांबावं लागलं होतं. म्हणून त्यांना प्रत्येक हत्ती पाठ होता, आणि त्यांच्यामुळे तुला.

भीमराव म्हणाला, "आक्काला त्या दिवशी ताप होता, असं शाळेत म्हणत होते. खरं का हो?"

मी 'हो' म्हणाले. त्रेपन्न वर्षांची बाई, भर बाजारात, पुन्हा तेच खोटं बोलले.

तू येऊ शकली नाहीस, असं वर लिहिलं आहे. ते खोडत नाही, तसंच राहू दे. तू येऊ शकली असतीस. सिस्टरनी शुक्रवारी निरोप माझ्याजवळ दिला होता, कारण आपली घरी जायची वाट एकच. मी तुला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला. सिस्टरना सांगितलं, काशीला ताप आहे, आणि त्यांच्याजवळची तुझी पानं घेतली. घरी आई म्हणाली होती, "मोरिवलीची पोर पुढे आणि तू मागे?" पण मी आईला पुढे करणार नाही. मला चांगलं कळत होतं. मला तो माइक हवा होता.

सोमवारी तू भांडली नाहीस. मी तुला वापरायला दिलेली कंपासपेटी माझ्या बाकावर ठेवलीस आणि मागच्या रांगेत जाऊन बसलीस. तो पत्र्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

काल सुनेत्राला सगळं सांगितलं. तिने टाइप केलेली पानं पुढे ओढली. मग म्हणाली, "ताई, मजकूर मंजूर झालाय. विषय देवळांचा आहे, माफीचा नाही." मी म्हटलं, "बाई गं, विषय तोच आहे. देऊळ बाहेरून कुणी पाहिलं आणि नाव कुणाचं झालं." कापाकापी करावी लागेल म्हणाली. करू दे. घरी हे म्हणाले, "जुनं उकरून काय मिळणार?" मिळवायचं काहीच नाही. मिळालं ते परत करायचं आहे.

मी स्वतःला ओळखते. पानं पर्समध्ये असली, तर ऐनवेळी कच खाईन आणि गोड आवाजात वाचून मोकळी होईन. म्हणून तुझी चारही पानं या पत्रासोबत रजिस्टरने पाठवते आहे. गुरुवारी टाइप केलेलं चौथं पान येईल तेव्हा माझे हात रिकामे असतील. 'निबंध वाचता का?' असं विचारतील, तेव्हा सांगण्यासारखं एकच उरेल: तो ज्या मुलीने लिहिला, तिच्याकडे पाठवला. तिचं नाव काशी. आणि ती का आली नव्हती, तेही सांगेन.

क्षमा कर, असं लिहीत नाही. उत्तराची वाटही पाहणार नाही. फक्त माझ्याजवळ राहून गेलेला निरोप तेवढा पोचवते:

काशी, सिस्टरनी सांगितलंय, उद्या सकाळी साडेसातला स्टेशनवर ये. वेणी घट्ट घाल. निबंध तूच वाचायचा आहेस.

एकोणचाळीस वर्षं उशिरा,
तुझ्या बाकावरची
मालिनी