ओल्या ताट्यांची चाचणी

नंदनवन, नागपूर
९ जून १९६९

प्रिय मनोहर,

दिल्लीहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. चाचणीचा अहवाल समितीला आवडला, येत्या सोमवारी आपल्या नव्या गाडीला मंजुरी मिळेल आणि दिवाळीनंतर आपलं लग्न, असं तू लिहिलंस. तुझ्या आनंदात मला भाग घेता येत नाही.

त्या रशियन छोट्या गाडीची पुस्तिका मी भाषांतरित केली, तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं. इंजिन मागे आणि हवेनेच थंड होणारं. पाणी नाही, त्यामुळे तिकडच्या थंडीत गोठायचं काही नाही. ती त्यांच्या हवेची गाडी. तिच्यावरून आपली बेतताना नागपूरचा मे महिना लक्षात ठेवायचा होता, एवढंच.

एकोणीस मेला सेहेचाळीस अंश होते. फिटर बाबाराव चालवत होते, त्यांच्या शेजारी मी नोंदवही घेऊन, मागे तू आणि त्यांची बायको तुळसाबाई. कोराडीच्या रस्त्यावर अकराव्या किलोमीटरला इंजिन बंद पडलं. "काहून वं बाई, मोटर हाय का चूल? माही पाठ भाजून राहिली!" तुळसाबाई ओरडल्या. तू खूप हसलास. संध्याकाळी मी त्यांची पाठ पाहिली. तळहाताएवढा फोड होता.

दुसऱ्या दिवशी तू घरच्या दारावरच्या, थंडाव्यासाठी पाणी मारायच्या वाळ्याच्या ताट्या काढून आणल्यास, हवा आत घेणाऱ्या झडपांवर बांधल्यास आणि दर दोन किलोमीटरला कळशीने भिजवल्यास. "वा गा मनोहर, इंजिनले बी ताटी!" कारखान्याचे मालक गणपतराव म्हणाले. इंजिनाचं तेल आदल्या दिवशीच्या १३४ अंशांवरून १०६ वर आलं. मागची सीट रिकामी होती. मला ती तुझी गंमत वाटली. तरी वहीत मी सगळं लिहिलं.

काल अहवालाची कार्बन प्रत वाचली. त्यात १०६ आहे, ताट्या नाहीत. 'मागील प्रवाशांची तक्रार नाही,' हे आहे. वाचून मला किळस आली. अजून गेलेली नाही.

मूळ वही आज रजिस्टर्ड पोस्टाने समितीकडे गेली. लग्न होणार नाही, हे मी घरी सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी तुला दुसऱ्याकडून कळू नयेत, म्हणून लिहिते आहे. प्रेमपत्राखालीही मी पूर्ण सही करते, म्हणून तू मला चिडवायचास. अहवालाखालची माझी सही इतकी हुबेहूब आहे की क्षणभर मीही फसले. सरावाला तुझ्याकडे माझी पत्रं होती. म्हणून हे पत्र ऑफिसच्या टाइपरायटरवर लिहिलं आहे, आणि खाली फक्त टाइप केलेलं नाव आहे.

प्रेमिला