दुसरी चिठ्ठी

१४ जुलै, सोमवार

त्या खोलीत जाऊन बसलो. एकतीस वर्षे जेथे संस्कृत शिकविले, त्याच कनिष्ठ महाविद्यालयात. पूर्वी तेथे भूगोलाचे नकाशे ठेवीत. आता दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. समुपदेशिका रागिणी माझीच विद्यार्थिनी. “सर, तुम्ही काही बोलू नका, नुसते बसा. प्रवेशाचे दिवस आहेत. पालक माझ्यावर आवाज चढवतात, तुमच्यासमोर नाही चढवणार.”

नुसते बसणे मला जमते. पत्नी शैला गेल्याला सात महिने झाले; तेवढेच करीत आलो आहे.

१५ जुलै, मंगळवार

बसलो. कोणी आवाज चढविला नाही.

१७ जुलै, गुरुवार

वाटले होते, रागिणी मुलांना मार्ग सांगत असेल. ती सांगतच नाही — विचारते! काय करताना वेळेचे भान राहत नाही? काय गमावले तर सोसणार नाही? मग मात्र बारीकसारीक गोष्टींची तयारी करून घेते. ताप आला तर कोणाला फोन करायचा. मेसचे जेवण गेले नाही तर काय करायचे. “पहिले पंधरा दिवस रडू येईल. येऊ द्यायचं. सोळाव्या दिवशी मला फोन करायचा.”

आज ती स्वतःच खोटीखोटी वसतिगृहाची अधीक्षिका झाली आणि एका मुलीला म्हणाली, “खोली बदलून माग माझ्याकडे.” मुलगी पुटपुटली. दुसऱ्या वेळी मान वर करून मागितली. तिसऱ्या वेळी असे ठणकावले की रागिणीच म्हणाली, “घे बाई, दिली!”

ती प्रणाली. परतवाड्याजवळ घरची संत्र्याची बाग. तिला पूल बांधावयाचे आहेत. गुण उत्तम, पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळेल एवढे.

प्रश्न गुरूनेही विचारावयाचे असतात, हे मी वाचले होते. मी एकतीस वर्षे उत्तरेच दिली. लिहिताना खंतही वाटली नाही. काहीच वाटत नाही.

२१ जुलै, सोमवार

प्रणालीचे वडील आले. सूर्यभान. मला पाहून टोपी काढली, रागिणीकडे पाहिले नाही.

“पोरीच्या जातीनं पूल बांधाव काय, गुरुजी? त्यावरून जाईन कोन?”

प्रणाली म्हणाली, “तुमीच पयले जासान बाबा, संत्र्याची गाडी घेऊन!”

ते हसले, हसणे लगेच मावळले. “इथं अमरावतीत कालेज नाही काय? आमचा पुतन्या स्वप्निल गेला पुण्याले. चार वर्सं झाले, दिवाईलेबी येत नाही. हे एकुलती एक हाये. हे गेली तं आमी कोनाच्या तोंडाकडं पाहाव?”

रागिणीने शांतपणे नियम समजाविला. ऑनलाइन अर्जात कॉलेजे पसंतीच्या क्रमाने लिहावयाची. पहिल्या ओळीतले मिळाले की ते पक्के, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. “म्हणून पहिली ओळ जपून लिहायची, काका.”

“मंग तिथं अमरावती लिवा.”

प्रणालीने हातातली फाइल मिटली.

२३ जुलै, बुधवार

सूर्यभान एकटेच घरी आले. दोन रात्री झोपले नाहीत म्हणाले. बायको पोरीच्या बाजूने झाली आहे. “देवापुढं चिठ्ठी टाकू, गुरुजी. जे निघन ते निघन. तुमच्या हातानं निघालं तं मी ऐकन.”

रागिणी फोनवर संतापली. “सर! तिची दोन वर्षांची मेहनत, आणि चिठ्ठी?” तिचे म्हणणे खरे. परंतु माझ्या देवघरात लोकांनी चाळीस वर्षे कौल लावले आहेत. नाही म्हणण्यासाठी जे बळ लागते, तेही आता उरलेले नाही. शनिवारी या म्हणालो.

२४ जुलै, अमावास्या

अकोल्याहून गौरांगचा फोन. “बाबा, आता तरी या इकडे.” पाहू म्हणालो. मुलाला नेहमी एवढेच सांगतो.

२६ जुलै, शनिवार

सूर्यभान घरूनच चिठ्ठ्या लिहून, घड्या घालून आले. दोन्ही ताम्हणात ठेवल्या. प्रणाली दाराशी उभी, हातात फाइल. मी संकल्प केला, डोळे मिटले, एक उचलली.

उघडण्यापूर्वी सहज दाराकडे दृष्टी गेली. तिने फाइलीतून पुण्याच्या वसतिगृहात न्यावयाच्या सामानाची यादी काढली होती. नीट चार घड्या घालून ती माझ्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवीत होती. रडत नव्हती. नको असलेला कागद ठेवावा, तशी.

चिठ्ठी उघडली. “पुणे” म्हणालो.

कौल लागल्यावर दुसरी चिठ्ठी उघडावयाची नसते. रीतीप्रमाणे दोन्ही पाण्यात चुरगाळून तुळशीत घातल्या. सूर्यभान बराच वेळ ताम्हणाकडे पाहत राहिले. मग पोरीला म्हणाले, “चाल. तुह्या मॅडमले सांग, पुणे लिव म्हनाव.”

२७ जुलै, रविवार

चिठ्ठीवर ‘अमरावती’ होते.

काल एवढे लिहवले नाही. मुंजीपासून आजवर देवासमोर असत्य बोललो नव्हतो. जप करताना चुकून माळेचा मणी सुटला, तरी पहिल्यापासून सुरुवात करणारा मनुष्य मी. का बोललो, ठाऊक नाही. भीती वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटली नाही. पश्चात्तापही नाही. फक्त आज पूजेला बसलो नाही.

२९ जुलै, नागपंचमी

देव पारोसे.

३१ जुलै, गुरुवार

पहिली ओळ लागली. पुणे. रागिणी फोनवर रडत होती. “सर, तुमच्या कौलामुळे!”

बरे झाले, म्हणालो.

४ ऑगस्ट, सोमवार

कक्षात बसलो. पातूरच्या एका मुलाचे आईवडील आले. आम्हालाही कौल लावून द्या, म्हणाले. परतवाड्याची गोष्ट कानावर आली होती. मी हात जोडले, “मी सोडले ते.” रागिणीने माझ्याकडे पाहिले. मग मुलाकडे वळून तिने आपला पहिला प्रश्न विचारला. मीही त्याचे उत्तर ऐकू लागलो.

१० ऑगस्ट, रविवार

प्रणालीला पुण्याच्या गाडीत बसवून सूर्यभान सरळ माझ्याकडे आले. आत येईनात. उंबऱ्याबाहेरच खाली बसले.

“गुरुजी, पाप झालं माह्या हातून. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी अमरावतीच लिवलं होतं. आन् तुमच्या हातात पुणे निघालं! देवानं अक्षर पालटलं, गुरुजी. माही लबाडी त्यानं धरली. म्हनून मी गप जाऊ देल्लं पोरीले.”

म्हणजे त्या ताम्हणात पुणे नव्हतेच. मी कोणतीही उचलली असती, तरी नव्हते.

त्यांनी माझ्या पायांवर डोके ठेवले. ‘देवाने नाही, मी’ — एवढेच सांगावयाचे होते. तोंड उघडले आणि शब्दाऐवजी हुंदका आला. शैला गेल्यापासूनचा पहिला.

“रडू नका गुरुजी,” ते म्हणाले, “पोरगी दिवाईले येनार हाये.”

अजून सांगितलेले नाही.