नाही म्हणण्याचा सराव

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. इतिहासाला पुरावा लागतो.
युवा केंद्रात मेंटॉर म्हणून नाव दिलं. आपल्यापेक्षा लहान मुलांना चांगल्या सवयी लावायच्या. शुद्ध समाजकार्य. तिथला हेड मेंटॉर कप्तान आहे, याच्याशी माझ्या नाव देण्याचा काडीचाही संबंध नाही.
कप्तान माझ्या वर्गात होता, तेव्हापासून सगळे त्याला कप्तानच म्हणतात. नववीत वक्तृत्व स्पर्धेत स्टेजवर मला उलटी झाली, तेव्हा ‘कारंजं’ हे नाव त्यानेच ठेवलं. दहावीत शाळा सुटेपर्यंत मी कारंजंच. शाळा त्या नावामुळे सुटली असं मी म्हणतो. गणितामुळे सुटली असं ताई म्हणते. ताईला मानसशास्त्र कळत नाही.
महिनाअखेरीस मुलं गोलात बसून आपापल्या मेंटॉरबद्दल बोलणार. त्यावरून नवा हेड मेंटॉर ठरणार. म्हणजे मी. कप्तानाचं तोंड मला जवळून बघायचं आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार
माझ्या वाट्याला आलेला मुलगा सोळा वर्षांचा. सगळे त्याला झिपऱ्या म्हणतात. सिगारेट ओढतो. उत्तम! कप्तानाच्या वाट्याची मुलगी नुसता मोबाइल जास्त बघते. त्यात कसलं शौर्य?
झिपऱ्याने विचारलं, दादा, तुम्ही काय करता? म्हटलं, अक्षरलेखन. तो म्हणाला, म्हणजे पाट्या रंगवता. उद्धट आहे. घडवावा लागेल.
केंद्राची एक पद्धत आहे. मेंटॉरने वाईट मित्राचं सोंग घ्यायचं आणि सिगारेटचा आग्रह करायचा. मुलाने डोळ्यांत बघून एकदाच ‘नाही’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही, वर दुसरं काहीतरी सुचवायचं. केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, सिगारेट म्हणून खडू घ्या. खडू! कप्तानाने घ्यावा खडू. मी खरी आणणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार
पाकीट मागताना कुठलं हवं तेच सांगता येईना. दुकानदार म्हणाला, पहिलीच वेळ का रे? म्हटलं, शैक्षणिक कामासाठी हवंय. तो हसला. तोही लक्षात राहील.
झिपऱ्या म्हणाला, दादा, न पेटवता आग्रह करणारा मित्र मी तरी पाहिलेला नाही. मुद्दा बरोबर होता. पेटवली. भयंकर ठसका लागला. झिपऱ्याने पाणी आणलं, पाठ चोळली. मुलात आत्ताच फरक दिसतोय.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या पाट्यांच्या दुकानात एका दवाखान्याचं काम आलंय. ‘धूम्रपान निषिद्ध’, सहा पाट्या. धू दीर्घ, तीनदा तपासला. मग मागच्या बाजूला जाऊन सराव केला. मुरलेल्या वाईट मित्राला नाकातून धूर सोडता आला पाहिजे. मालक ओरडले, अरे शहाण्या, शेजारी टर्पेंटाइनचा डबा आहे, दुकान पेटवतोस का? मालकांनाही बघून घेईन. आधी कप्तान.
रात्री ताईने शर्ट हुंगला. टर्पेंटाइन, म्हटलं. तिने खिशातून थोटूक काढलं आणि विचारलं, टर्पेंटाइनला फिल्टर कधीपासून लावायला लागले?

२१ फेब्रुवारी, शनिवार
झिपऱ्याने सिगारेट सोडली! म्हणतो, तुम्हाला ओढताना बघितलं की नकोच वाटतं. पद्धत यशस्वी. मी दिवसाला पाचांवर आहे, पण ती कामाची गरज.
कप्तान येऊन म्हणाला, भारी काम करतोयस लेका. वर खांद्यावर हात. मुद्दाम, सगळ्यांसमोर.
नुसती खुर्ची घेऊन भागणार नाही. तो आपटला पाहिजे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
योजना तयार. शनिवारी गोलात झिपऱ्याने उभं राहून सांगायचं, की मला पहिली सिगारेट कप्तानाने दिली. हे खोटं नाही. फक्त घडलेलं नाही.
झिपऱ्याला समजावलं. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, नाही. कारण दिलं नाही. मग म्हणाला, दादा, त्यापेक्षा बुद्धिबळ खेळू या.
मी खूप आग्रह केला. एकदाच कर, कुणाला कळणार नाही, मी तुझ्यासाठी फुप्फुसं जाळली. तो शांतपणे प्यादी मांडत बसला.
इतकं चांगलं शिकवायला नको होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
झिपऱ्या बोलायला उठला. मी दाराजवळ सरकलो. नववीतल्या स्टेजवरून दार फार लांब होतं. तो म्हणाला, आमच्या दादाइतका वाईट मित्र कुणालाच जमणार नाही. परवा तर त्यांनी असलं काही करायला सांगितलं, की त्यांना नाही म्हटलं तेव्हाच कळलं, आता मी कुणालाही म्हणू शकतो. काय सांगितलं होतं, ते मात्र बोलला नाही. टाळ्या. सगळ्यांत जास्त वेळ कप्तानाच्या.
वर कप्तानानेच हेड मेंटॉरसाठी माझं नाव सुचवलं! बाईंनी विचारलं, तू स्वतः ओढत नाहीस ना? मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि खोकला आला. थांबेचना.
पाणी कप्तानाने आणलं. हळूच म्हणाला, आपण एका शाळेत होतो का रे? चेहरा ओळखीचा वाटतो, नाव काही केल्या आठवत नाही.

१ मार्च, रविवार
दर शनिवारी केंद्रात सिगारेट सोडणाऱ्यांचा गट भरतो. कप्तान चालवतो; हेड मेंटॉरही तोच राहिला. मी नाव दिलेलं नाही. माझं नाव झिपऱ्याने दिलं. म्हणाला, दादा, याल ना? डोळ्यांत बघत.
मला नाही म्हणता आलं नाही.