दहा भोकं, पाच बोल्ट

६ सप्टेंबर
शिडीच्या मचाणावर बसून शिकार करायचे दिवस गेले. सॅडल मागवलं. कमरेला पट्टे आवळायचे, दोर खोडाला बांधायचा, झाडावर लोंबकळत हरणाची वाट बघायची. चढायला खोडात गिरमिटानं भोकं पाडून बोल्ट खुपसायचे, उतरताना काढून घ्यायचे. काढता येतात, मग दहा कशाला? पाचच घेतले. खालचा काढून वर लावत जाईन. हे अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही.
मार्लीसनं विचारलं, गुडघ्याची परवानगी घेतलीस का. बायकोला तंत्रज्ञानाचं वावडं.

९ सप्टेंबर
रान सासऱ्यांचं, म्हणून ऑर्विलना विचारलं. ओकला भोकं पाड, मॅपलला हात लावू नकोस, असं बजावलं. वर म्हणाले, "जावईबापू, तीन हिवाळे आम्ही दुकानातलं मांस खातोय. यंदाही हात हलवत आलास, तर शिकारीची तुझी जागा मार्लीसची."
वय एकोणऐंशी. मनावर घेतलं नाही.

२० सप्टेंबर
ओक कडक निघाला. दोन तासांत दोन भोकं. या वेगानं पाच दिवसांत काम फत्ते.

४ ऑक्टोबर
भोकं चार. खांदा शेकतोय. तरी सॅडलमध्ये बसून पाहिलं. ऑर्विल आले आणि जमिनीवर उभ्याउभ्याच माझ्या हातात कॉफी देऊन गेले. उंची हा शेवटी मनाचा खेळ.

१७ ऑक्टोबर
दहाही झाली. वरची सहा शिडी लावून पाडली. शिडी फक्त भोकांपुरती. परत नेऊन ठेवली.

१८ ऑक्टोबर, दुपार
पहाटे चढलो. बोल्ट ठरल्याप्रमाणे खालून वर सरकत गेले. अठरा फूट!
सव्वासातला नर आला. आठ टोकांची शिंगं. धनुष्य ताणलं, तेवढ्यात सॅडल गर्रकन फिरलं. बाण मॅपलमध्ये.
उतरू म्हटलं. वरचा बोल्ट काढून वाकलो, खालच्या भोकापर्यंत नेला, पडला. दुसरा पडला. तिसरा मी जपून धरला होता, तोही पडला. उरलेले दोन पायाखाली. खोडाला मिठी मारली. ही माघार नव्हे, विश्रांती.
फोन मार्लीसला केला, उचलला ऑर्विलनी. दहाला शिडी घेऊन आले. मला उतरवून शांतपणे म्हणाले, "तुझं हरीण अजून तिथंच आहे. मघापासून तुझ्याकडेच बघतंय."

१९ ऑक्टोबर
गुडघ्यांवर बर्फ. मार्लीस पहाटे माझ्या जागेवर गेली. झाडावर नाही. त्याच ओकखाली बादली उपडी घालून बसली. साडेसातला परत आली, मारलेलं हरीण ओढायला माणूस हवा म्हणून. माझी अवस्था बघून वडिलांना घेऊन गेली.
हरणाला उंचावरच्या धोक्याची सवय मीच लावली होती, त्यामुळे ते खाली गाफील राहिलं. हे तिला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि कांदे पुढे सरकवले. संध्याकाळी काळीज परतायचं होतं.
पातळ चिरले.
ऑर्विल बघत होते. म्हणाले, "हे छान जमतं तुला."