सुटकेसाठी प्रार्थना विनंती

सोमवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
आजपासून वही. कुणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहितो.
एकोणीस वर्षं मेइस्केताईच्या दुकानात फुलांनी सजवलेले निरोपाचे फळे करतोय. आमच्या तोमोहोन शहरात कुणाचं लग्न लागो, कुणी मरो, दारात सहा फुटी फळा उभा राहतो आणि त्यावरची थर्माकोलची अक्षरं मी लावलेली असतात. शुभेच्छा. आपल्या दुःखात सहभागी. माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे निरोप टाचत बसायचं?
देवाने मला यासाठी घडवलेलं नाही. मयत झालेल्या घरी जाऊन सांत्वन करावं, हे माझं खरं काम. माझी बायको आल्चे मार्चमध्ये गेली, त्यामुळे अनुभव आहे. शिवाय मी पूर्ण सावरलो आहे.
काल पाळकबाई उपदेशात म्हणाल्या, मालकाचं नाही, प्रभूचं काम करतोय असं समजा, कुरकुर आपोआप थांबेल.
संकल्प: महिनाभर कुरकुर बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी
१०.२० पर्यंत जमलं. मग नोल्डी म्हणाला, काका, तुमचं शेवटचं अक्षर मान टाकतंय. नोल्डीला दुकानात कामाला लागून तीन वर्षं झाली आहेत. अक्षर सरळ केलं आणि कुरकुर मनात केली. मनातली कुरकुर धरत नाहीत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
दुकान साडेसातला उघडतं. मी ६.५० ला हजर असतो. शिस्त. मेइस्केताई म्हणाली, यूली, कोंबड्याशी पैज लावलीस का रे?
दुपारी ती स्वयंपाकघरातून ओरडते, यूली, जेव, भात गार होतोय! गिऱ्हाइकांदेखत. वय वर्षं सत्तावन्न माझं. तिची जीभ हाच माझा क्रूस.
संध्याकाळी सातपर्यंत थांबलो. फुलं नीट झाकणारं दुसरं कुणी नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर
राजीनाम्याचा मसुदा डोक्यात तयार. द्यायला योग्य क्षण मिळाला नाही. सकाळी ती कामात होती, दुपारी मोकळी होती, त्यामुळे उगाच वाढलं असतं.
त्यापेक्षा देवालाच मध्ये घालावं.

बुधवार, १६ ऑक्टोबर. संध्याकाळी ५
आज चर्चमधल्या आमच्या गटाची उपासना. दर बुधवारी एकेका घरी असते. टोपलीत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायची सक्ती नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि सगळा गट त्यासाठी प्रार्थना करतो.
डाव्या हाताने लिहिली: ‘एक बंधू एकोणीस वर्षं कठोर जिभेच्या मालकिणीकडे अयोग्य कामात खितपत आहे. त्याची सुटका व्हावी.’ कागद सापडेना, खिशातल्या पॅडमधला फाडला.

रात्री ८
पॅड दुकानाचं होतं.
चिठ्ठ्या वाचणारा चर्चचा डीकन चष्मा विसरून आला, म्हणून त्या गटप्रमुखाने वाचल्या. गटप्रमुख म्हणजे मेइस्केताई. माझी वाचून झाल्यावर तिने ती उलटी केली. मागे दुकानाचं नाव, फोन नंबर आणि गुलाबाचं चित्र. म्हणाली, आमच्याकडे कामाला दोघेच. त्यातल्या एकाला तीन वर्षं झाली.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळलेल्या केळ्यांकडे पाहिलं.
मग चाळीस माणसांनी डोळे मिटून एकदम प्रार्थना सुरू केली. सर्वांत मोठा आवाज तिचा. प्रभो, या कठोर जिभेखालून आमच्या बंधूला सोडव!
एकंदरीत, नाव गुप्त राहिलं म्हणायला हरकत नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
 जेवणाच्या वेळी मेइस्केताई दारात येऊन हळूच म्हणाली, बंधू, भात वाढलाय. नोल्डी गुलाबांच्या बादलीत तोंड घालून हसत होता.
तिच्या जिभेत फरक पडला, हे मान्य करावं लागेल. बरं मात्र वाटलं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर
चर्चबाहेर जो तो विचारतो, काय यूली, उत्तर आलं का? शेजारच्या म्हातारीने धुरावर सुकवलेला मासा आणून दिला. म्हणाली, सुटेपर्यंत अंगात ताकद राहू दे.
पाळकबाईंना सहज विचारलं, एखादी विनंती मागे घेता येते का? त्या म्हणाल्या, विश्वास डळमळू देऊ नका. उत्तर येईपर्यंत विनंती यादीत राहते.
मला घाई नाही. देवाची वेळ वेगळी असते. नाताळच्या ऑर्डरी होईपर्यंत तरी त्याने थांबायला हरकत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर
देव थांबला नाही.
मेइस्केताईने आत बोलावलं. डोळे लाल होते, कांदा चिरत असावी. म्हणाली, यूली, गट मागतोय आणि गटाबरोबर मीही रोज गुडघे टेकतेय. मीच आडवी आले तर देवाला काय तोंड दाखवू? सोमवारपासून येऊ नकोस.
मी म्हटलं, बरं.
 ती म्हणाली, एकोणीस वर्षं, आणि नुसतं बरं?
मी आभार मानले.
विजय.

सोमवार, २८ ऑक्टोबर
सेवेचा पहिला दिवस. ६.५० ला दुकानासमोर होतो. पाय सवयीने गेले. ब्रेड घ्यायलाच आलो होतो असं दाखवून पलीकडच्या बेकरीत शिरलो.
घरी दोन्ही खोल्यांत रेडिओ लावला. एकाचा आवाज दुसरीकडे पोचत नाही. जेवायचं लक्षात आलं तेव्हा चार वाजले होते. चिंतनात वेळ कळत नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर
उपासनेत माझी साक्ष. मी म्हणालो, देव ऐकतो. टाळ्या. मेइस्केताईने यादीतली माझी ओळ खोडून पुढे लिहिलं, उत्तर मिळालं. पट्टी लावून खोडली.
देव ऐकतो हे खरंच आहे. माणसाने जपून बोलावं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर
पहिली सांत्वनभेट. वरच्या आळीतल्या एव्हर्ट मास्तरांची बायको गेली. तीन वाक्यं पाठ करून गेलो.
मास्तरांशेजारी पाऊण तास बसलो. वाक्यं सगळी आठवत होती, तोंड उघडत नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारलं, तुमच्या मंडळींना जाऊन किती दिवस झाले?
सात महिने एकवीस दिवस, मी म्हटलं.
मग, कमी होतं का हो?
मी म्हटलं, पूर्ण. पूर्ण कमी होतं.
तेवढ्यात दारातल्या फळ्यावरचं एक अक्षर लोंबताना दिसलं, म्हणून बाहेर गेलो. चार फळे होते, चारही नोल्डीचे, म्हणजे बोलायलाच नको. सगळे नीट करायला दोन तास लागले. थर्माकोलचा चुरा डोळ्यांत जातो, सारखे पुसावे लागतात.
मास्तरांच्या मुलीने कॉफी आणून दिली. म्हणाली, दुकानातून आलात ना? मी हो म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कॉफी चांगली लागली.
सांत्वन यशस्वी. मास्तरांचं विचारायचं राहिलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर
दुकानात गेलो. उद्देश फक्त अक्षरांचा घसरलेला दर्जा कानावर घालणं, हा होता.
मेइस्केताईने मान वर न करता विचारलं, काय देऊ? शुभेच्छा की शोक?
मी दर्जाबद्दल बोलू लागलो. ती म्हणाली, यूली, सरळ बोल.
मी म्हटलं, घरी कुणी हाक मारत नाही.
तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, आणि इथे मारली की तुला काटे टोचतात. चाळीस जणांनी मागितलं, देवाने दिलं. आता पाळकबाईंना काय सांगू? देवाने चुकीच्या पत्त्यावर माल पोचवला?
मी टेबलावरची अक्षरं ओळीत लावू लागलो. 
मग म्हणाली, नोल्डीला मुख्य केलंय. त्याच्या हाताखाली एक जागा आहे. बघ बाबा.
माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराच्या हाताखाली! मी शांतपणे सांगितलं की यावर दोन-तीन दिवस प्रार्थना करून कळवतो.
आतून नोल्डी ओरडला, काका, प्रार्थना उभ्यानेही होते. आधी हा फळा धरा, पडतोय.
धरला.